मांडीवर पोर असेपर्यंत

बावधनच्या त्या सोसायटीत मृण्मयीला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. वॉचमनपासून लिफ्टमधल्या बायकांपर्यंत सगळ्यांना ती अपूर्वाची आई. ती मूळची बार्शीची. एम.एस्सी. झाली होती, लग्नाआधी तिथल्याच ज्युनिअर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होती. पण हे इथे कुणाला आणि कशाला सांगायचं? नवरा अमोघ सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा, बरेचदा शनिवारीसुद्धा. दिवसभर घरात ती आणि तीन वर्षांची पोर. झोपलेल्या अपूर्वाच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची खोड तिची अजून सुटली नव्हती.

म्हणून तर शनिवारच्या त्या टेबलाचं तिला एवढं अप्रूप.

क्लब हाउसमध्ये जाळी नसलेलं एक हिरवं टेबल टेनिसचं टेबल होतं. दोन हजार नऊ साली दर शनिवारी दुपारी त्यावर तिघं जण पत्ते मांडून बसायचे. मनीष, प्रमोद आणि धम्मदीपा, तिघंही कॉम्प्युटर कंपन्यांत नोकरीला. पत्ते म्हणजे रमी किंवा तीनपत्ती नव्हे. मनीष कामासाठी वर्षभर अमेरिकेत होता, तिथून त्याने हे पत्ते खोकी भरभरून आणले होते. प्रत्येकावर एक चित्र, कुठे राक्षस, कुठे तटबंदी, कुठे नुसतीच जमीन, आणि खाली बारीक इंग्रजीत त्याचे गुण. ज्याने त्याने शंभर पत्त्यांचा आपला संच घरूनच बांधून आणायचा. त्याला डेक म्हणायचं. त्यात एक पत्ता सरदार, आणि जमिनी सोडल्या तर कुठलाही पत्ता दुसऱ्यांदा घ्यायचा नाही. मग चौघांनी बसायचं, जो तो स्वतःसाठी लढणार, शेवटी जो उरेल तो जिंकला.

उकाड्यात पोरीला पंख्याखाली खेळवायला म्हणून मृण्मयी तिथे गेली आणि रेंगाळली. धम्मदीपाने मान वर करून विचारलं, "येतेस का? चौथा भिडू कधीचा हवाय."

"मला कुठे येतं?"

"यांना तरी कुठं येतं!"

मनीषने खुर्ची पुढे सरकवली. "बसा वहिनी."

धम्मदीपाचं घर मुळशी तालुक्यातल्याच रिहे गावात. नोकरीसाठी ती इथे भाड्याने राहत होती. एरवी ती इतरांसारखंच बोलायची, पण कुणाला टोमणा मारायचा झाला की तिची भाषा थेट गावाला जायची. मृण्मयीने मनीषच्या खोक्यातले पत्ते घेऊन पहिला डेक बांधला तेव्हा त्यात नुसते अक्राळविक्राळ राक्षस भरले. जमिनीतून बळ मिळाल्याशिवाय राक्षस हातातून खाली उतरतच नाही, हे तिला माहीत होतं, पण जमिनीची चित्रं बिचारी इतकी साधी, की त्यांच्यावर जागा घालवावीशी वाटेना. सगळा डाव ती हातात राक्षस धरून बसली. मग धम्मदीपाने तिचा डेक टेबलावर पसरला.

"अगं बाई! जमिनी कुटं हायेत? मुळशीत ऱ्हायला आलीस आन् तूबी समद्या विकून मोकळी झालीस व्हय? हे एवढे राक्षस उपाशी मारतीयास का?"

प्रमोद हसून हसून खोकायला लागला. मृण्मयीही हसली. कित्येक महिन्यांत तिला कुणी असं हक्काने रागावलं नव्हतं.

डेक पसरायची ही रीत धम्मदीपानेच घातली होती. एरवी जो जिंकेल त्याने डाव संपला की आपला डेक उलगडायचा. चार ढीग लावायचे: जमिनी, सैन्य, बचाव आणि दुसऱ्याला घालायचे खोडे. हरलेल्यांनी बघायचं, विचारायचं, शिकायचं. धम्मदीपा म्हणायची, "दोघांच्या खेळात पत्ते बघून डेक बांधतात. आपण चौघं आहोत. टेबल बघ. कोण कधी चिडतो, कोण कुणाच्या वाटेला जात नाही, ते बघ आणि मग बांध."

बघणं मृण्मयीला शिकवावं लागलं नाही. हल्ला करण्याआधी प्रमोद खुर्ची पुढे ओढतो, हातात चांगले पत्ते आले की मनीष बडबडतो, धम्मदीपा उलट गप्प होते, हे तिने दोन-तीन शनिवारांतच टिपलं. तरी ती हरायचीच. पण सगळ्यांत आधी बाहेर पडायची वेळ तिच्यावर कधी येत नव्हती, आणि आपल्याला जमायला लागलं, असं तिला वाटत होतं.

मग एका शनिवारी अपूर्वा तिच्या मांडीवर पेंगत असताना प्रमोदने खुर्ची ओढली आणि मोठ्याने म्हणाला, "सगळं सैन्य वहिनींवर!" पोर दचकून उठली ती हंबरडा फोडून रडायलाच लागली. प्रमोद ओशाळला. मनीष म्हणाला, "अरे, सोडा वहिनींना. आपण तसे सोडतोच, आता नियमच करू. मांडीवर पोर असेपर्यंत वहिनींवर हल्ला नाही."

सगळे हसले. मृण्मयी पोरीला थोपटत होती, तीही हसली. 'आपण तसे सोडतोच' हे शब्द मात्र तिच्या डोक्यातून जाईनात. म्हणजे इतके शनिवार ती टिकत होती ती अशी. लहान मुलाला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही, तशी.

एकदा तरी जिंकायचं, एवढंच तिच्या मनात उरलं. या तिघांनी आपला डेक वाकून बघावा, विचारावं, हे कसं सुचलं तुला? आणि मनीषने एकदा तरी वहिनी म्हणू नये.

दुपारी अपूर्वा झोपली की ती पलंगावर पत्ते मांडायची. जे पत्ते मनीषकडे नव्हते ते जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर आपल्या वळणदार अक्षरात लिहून काढायची. तेवढी सूट टेबलाने सगळ्यांनाच दिली होती. खोक्यात सात फण्यांचा एक सर्प होता. तो उतरला की एका फटक्यात सगळ्यांना संपवायचा, पण त्याला जमिनी इतक्या लागायच्या की तोवर कुणी जिवंत राहत नसे. म्हणून त्याला कुणी हात लावत नव्हतं. मृण्मयीने त्याच्यासाठी डेक बांधायला घेतला. जमिनी वाढवल्या, जमिनी शोधून आणणारे पत्ते घातले. शंभरात जागा पुरेना. मग एकेक पत्ता उचलून ती स्वतःला विचारायला लागली, हा हवाच का? ढाल कशाला? कोण येणार आहे अंगावर? खंदक कशाला? सगळ्यात शेवटी दगडी तट उरला. तो तिने बराच वेळ हातात धरला. का नको आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण मनातल्या मनातसुद्धा तिने ते वाक्य पुरं केलं नाही. तटही उचलून ढाली-खंदकांपाठोपाठ औषधांच्या खणात टाकला आणि खण बंद केला.

त्या शनिवारी सोसायटीत लाल रंगाचा नवा झोपाळा लागला होता. क्लब हाउसच्या खिडकीतून तो सरळ दिसायचा, आणि अपूर्वाच्या वयाची दोन पोरं त्यावर होती.

"आई, झोका."

"एवढा डाव झाला की जाऊ हं, राणी. हे घे बिस्कीट."

बिस्कीट संपलं. अपूर्वा मांडीवरून घसरायला लागली की मृण्मयी डाव्या हाताने तिला वर ओढून घ्यायची. मनीष आणि प्रमोद एकमेकांत जुंपले होते. धम्मदीपा गप्प होती, म्हणजे तिच्या हातात काहीतरी होतं. एकदा तिने सैन्यावर बोट ठेवून मृण्मयीकडे पाहिलं, मग अपूर्वाकडे पाहिलं आणि सैन्य प्रमोदवर वळवलं. मृण्मयीने पोरीला आणखी घट्ट धरलं.

"आई, उतलू?"

"थांब ना जरा."

प्रमोद बाहेर पडला. मनीष अर्धमेला झाला. मग मृण्मयीने आपल्या जमिनींवरून हात फिरवला आणि सात फण्यांचा सर्प टेबलावर ठेवला.

मनीष उभाच राहिला. "काय सांगतेस! हा सर्प? मृण्मयी, अगं, वर्षभरात हा कुणी उतरवला नाहीये!"

मृण्मयी. त्याचं त्यालाही कळलं नाही, पण तिने ऐकलं. कानाच्या पाळ्या तापल्या तिच्या.

"उलगड, उलगड," प्रमोद खुर्ची ओढत म्हणाला. "बघू तरी कसा बांधलास."

जिंकणाऱ्याने डेक उलगडायचा असतो, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण ती कधी जिंकलीच नव्हती, त्यामुळे ते आपल्यालाही करावं लागेल, हे पलंगावर बसून हिशेब मांडताना तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. मनीष ढीग लावायला लागला होता. जमिनी. सैन्य. खोडे. सैन्य आणि खोडे यांच्यामध्ये त्याने सवयीने बचावासाठी हातभर जागा सोडली होती. पत्ते संपले, तरी ती जागा हिरवीच राहिली.

"यात बचाव कुठाय?" मनीष हसत म्हणाला. "एक तट नाही? एक ढाल? एवढा वेळ टिकलीस कशावर?"

मृण्मयी काहीतरी बोलणार होती. 'धोका पत्करला' असं काहीतरी. तेवढ्यात अपूर्वाने तिच्या हनुवटीला हात लावून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"संपलं? आता उतलू मी?"

बाहेर झोपाळ्याची कडी करकरत होती. प्रमोदने मोबाइल काढून बघितला. धम्मदीपा त्या रिकाम्या जागेकडे बघत होती, मृण्मयीकडे नव्हे, आणि ते जास्त लागलं. टोमणा मारला असता, गावाकडच्या भाषेत चार शब्द सुनावले असते तरी चाललं असतं.

"टेबल बघूनच बांधलाय," धम्मदीपा शेवटी म्हणाली. "मीच सांगितलं होतं."

मनीषने पत्ते गोळा केले, व्यवस्थित चौकोनी ठोकले आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवले. "घ्या वहिनी."

संध्याकाळी अपूर्वाला आंघोळ घालताना तिच्या पोटावर बांगडीचा लाल वळ दिसला. मृण्मयी त्यावर नुसतं कोमट पाणी ओतत राहिली. अमोघने बाहेरून विचारलं, "काय गं, आज जिंकलीस का?" ती म्हणाली, "नाही." आणि हेही खोटंच झालं.

पुढच्या शनिवारी जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पण न जाणं म्हणजे तर कबुलीच. शुक्रवारी तिने औषधांचा खण उघडला, तट काढला, ढाली काढल्या, खंदक काढले. सर्प मनीषच्या खोक्यात परत जायला वेगळा ठेवला. अमोघला सुट्टी होती. तो अपूर्वाला घेऊन झोपाळ्यावर थांबला आणि ती एकटी आत गेली.

"आज मोकळ्याच?" प्रमोद म्हणाला, आणि लगेच खाली बघून पत्ते पिसायला लागला.

धम्मदीपाने पहिला हल्ला तिच्यावरच केला. जोरदार. मृण्मयीने तट आडवा घातला, तो टिकला. धम्मदीपाने मान हलवली, नेहमीसारखी, आणि म्हणाली, "आत्ता कसं! आता मारायला तरी मजा हाय." मृण्मयीच्या छातीवरचं ओझं जरासं हललं. ती खेळायला लागली. मनीषला तिने दोनदा परतवलं. डाव अर्ध्यावर आला तेव्हा ती कुणाहून कमी नव्हती. डावा हात मात्र सारखा मांडीवर जात होता, धरायला काही नसताना.

आणि बाहेरून एक किंकाळी आली. अपूर्वा धावत आली ती गुडघा सोलून घेऊन, रक्ताचा ओघळ मोज्यापर्यंत. मागे अमोघ, "अगं, काही नाही, नुसती घसरली," म्हणत. पोरीने आईच्या गळ्याला मिठी मारली आणि मांडीवर चढून बसली.

टेबलावर सगळे थांबले. प्रमोद हल्ल्याला खुर्ची ओढत होता, ती तशीच अर्धवट राहिली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही.

मृण्मयीने हातातले पत्ते पालथे ठेवले. "मी बाहेर."

"अगं, बस की," धम्मदीपा म्हणाली. "पोर शांत होईपर्यंत थांबू आम्ही. नियम काय सोडलेला नाही कुणी."

"नको. मी बाहेर."

हेही दाखवायला चाललंय असंच वाटणार यांना, तिला कळत होतं. तसं नाही म्हणायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं. पोरीला उचलून ती बाहेर आली आणि झोपाळ्याशेजारच्या कट्ट्यावर बसली. गुडघा पदराने टिपला, फुंकर घातली. अमोघ हळद आणायला वर गेला.

हळूहळू हुंदके थांबले. झोपाळा रिकामाच हलत होता. अपूर्वाने त्याच्याकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे पाहिलं. मृण्मयीचे दोन्ही हात कट्ट्यावर टेकलेले होते, पोरीला तिने धरलं नव्हतं. तरी अपूर्वा हलली नाही. अंग आवळून, अगदी शहाण्यासारखी बसून राहिली, आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "आई, उतलू आता?"