जांभळी जीभ

आमच्या दोंडाईच्याच्या गल्लीत आल्याचं टिंचर पोटदुखीवर मिळायचं, आणि पुरुषांची पोटं नेमकी पगाराच्या दिवशी दुखायची. मालधक्क्यावरचा हमाल पुना, त्याचं रोजच दुखायचं. शेवटी बायको भागाबाई दवाखान्यातल्या लीलाधर कंपाउंडरकडे गेली. "भाऊ, यास्नं हाई पेनं सुटाले काही औषध द्या."

लीलाधरला औषधापेक्षा शब्द द्यायची हौस. "अक्का, टिंचर हा लॅटिनातला शब्द. मुळात अर्थ रंगात बुडवणं. आधी कापड बुडवायचे, मग रंगालाच टिंचर म्हणू लागले, मग औषधाच्या अर्काला. पिण्याची सोय आपण केली."

भागाबाईने जरा विचार केला. "मंग रंगच द्या ना."

पोरांचं तोंड आलं की लावतात ते जांभळं औषध त्याने दिलं. तिने ते पुनाच्या तपकिरी बाटलीत ओतलं. दुसऱ्या दिवशी मालधक्क्यावर जो तो विचारू लागला, "काय पुना, थंडीमा जांभळं कोठे भेटनात?" हसलं की आणखी दिसायचं, म्हणून पुनाने हसणं सोडलं. पाठोपाठ बाटलीही सोडली.

रोज संध्याकाळी भागाबाई म्हणायची, "जीभ दखाडा." तो दाखवायचा. साफ. अंगाला स्पिरिटचा वास यायचा, पण धक्क्यावर तो स्पिरिटचीच पिंपं उतरवायचा. वासाला काय बोलणार? तिचं पाहून आणखी दोघीतिघी लीलाधरच्या खिडकीशी रिकाम्या बाटल्या घेऊन उभ्या राहिल्या.

मग एका सकाळी, ऊन पार चुलीपर्यंत आलेलं असताना, पुना ओरडला, "दिवा का लाया नही वं?"

पिंपातलंच प्यायला होता. अगदी पाण्यासारखं. रंगाचा थेंब नाही, म्हणून निवडलेलं.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी भागाबाईला बाजूला घेतलं. असलं स्पिरिट आधी डोळे नेतं, म्हणाले; रात्र निघेलसं वाटत नाही. ती खाटेकडे वळली. पावलं ऐकून पुनाने उरलंसुरलं बळ गोळा केलं.

"मी नही पिधी. देख."

आणि त्याने जीभ बाहेर काढली. भिंतीला.

भागाबाई खाटेला वळसा घालून गेली, भिंत आणि खाट यांच्यामध्ये अंग चोरून उभी राहिली आणि वाकून नीट पाहिलं.

"साफ शे," ती म्हणाली.

तरी बराच वेळ त्याने जीभ आत घेतली नाही.