दोन विहिणींच्या मधला हेडफोन

मित्रांनो, सातपाटीला कमलाकांत तांडेलांच्या घरी कधी गेलात, तर खिडकीशेजारच्या खिळ्यावर एक काळा हेडफोन लटकलेला दिसेल. त्याच्या एका कानाची गादी फाटलेली आहे, तिला जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याने टाके घातलेत, आणि तोंडापुढे येणारी माइकची दांडी जरा वाकडी झालीय. तो जुना हेडफोन म्हणजे मी. रूपाचा मी काही दावा करत नाही. पण मंगोलियाची भाषा सातपाटीच्या घरात आली ती माझ्या वायरीतून, आणि मोडत आलेलं एक लग्न पुन्हा जुळलं ते सगळ्यात जवळून मी ऐकलं. तेव्हा सांगता सांगता थोडी ऐट केली, तर चालवून घ्या.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. डबा उघडला तेव्हा मी बोईसरला एका कंपनीच्या ऑफिसात होतो. तिथे प्रियंका नावाची मुलगी मला डोक्यावर चढवून दिवसभर गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. "हां सर, माल निकल गया, गाडी मनोर के आगे है," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की गाडी फाटकातून हललेली नसली तरी ती मनोरच्या पुढेच असते, हे मला कळून चुकलं. प्रियंका मला फार जपायची. घरी जाताना कापसाने पुसायची, वायर नीट गुंडाळून ठेवायची. "याच्यासारखा माइक कुणाचा नाही," असं एकदा ती सगळ्यांसमोर म्हणाली होती. ते मी अजून विसरलेलो नाही.

पुढे ऑफिसात बिनवायरचे हेडफोन आले आणि माझी रवानगी खोक्यात झाली. बंद पडलेले कॅल्क्युलेटर, वाळून गेलेले शाईचे पॅड आणि मी. ज्याचं कामच ऐकण्याचं, त्याला शांतता खायला उठते. एक दिवस ते खोकं स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलं आणि तिथून प्रणवने मला उचललं.

प्रणव हा कमलाकांत आणि मंगला यांचा मुलगा. तारापूरच्या कारखान्यांमध्ये तो वेल्डिंग तपासायचं काम शिकला आणि त्याच कामावर मंगोलियात गेला. तिथल्या दवाखान्यात नोमिन नावाची नर्स होती. दोघांचं जमलं. नोमिनला इंग्रजी येत होतं, प्रणवलाही बरं येत होतं, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. अडलं ते नोमिनच्या आईपाशी. दोलगोरबाई गावाबाहेर माळरानावर मेंढ्या, घोडे सांभाळून राहणाऱ्या. त्यांना मंगोलियनशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. त्या म्हणाल्या, "मुलगी एवढ्या लांब द्यायची, तर तिच्या सासूशी मला स्वतः बोलता आलं पाहिजे. मधे कोणी नको."

प्रणव सुट्टीवर आला तेव्हा त्याने ही अट घाबरत घाबरत आईला सांगितली. मंगलाने हातातली सुरी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "बरोबर हाय तिचं. तिच्या जागी मी असती तर मी पण तसंच बोलली असती. शिकव मना."

प्रणवने तिच्यासाठी मला आणलं, घरातल्या जुन्या लॅपटॉपला जोडलं, आणि उलानबातरच्या एका बाईंची ऑनलाइन शिकवणी लावून दिली. त्यांचं नाव ओयुना. त्या दिल्लीत शिकून गेलेल्या, त्यामुळे त्यांना हिंदी छान यायचं. मंगोलियन भाषेत शिक्षकाला 'बाग्श' म्हणतात, म्हणून मंगलाही त्यांना बाग्श म्हणायची.

मंगला सकाळी पालघरच्या बाजारात मासळी विकायला बसते. दुपारी घरी येते, जेवते आणि मला डोक्यावर चढवते. आपल्याकडे दुपार असते तेव्हा तिकडे संध्याकाळ होत आलेली असते. प्रियंकाच्या अत्तराची सवय असलेला मी सुरुवातीला नाक मुरडत होतो. आता पापलेटाचा वास आला नाही, तर मलाच चुकल्यासारखं वाटतं.

मंगलाला भाषेची भीती कधी वाटली नाही. बाजारात ती मराठी, गुजराती, हिंदी, ज्याला जी पाहिजे ती देते. नमस्कार, नावगाव, नातीगोती, आकडे, बाजारहाट असं सगळं तिने पटापट आत्मसात केलं. बाजारातल्या बायका तिला 'मंगोलबाय' म्हणून चिडवायला लागल्या, तर ती त्यांना मंगोलियनमध्येच उत्तर द्यायची. पहिलं पुस्तक संपलं, आणि दोलगोरबाईंशी बोलायचा दिवस ठरला.

त्या दिवशी मंगलाने नवं लुगडं नेसलं होतं आणि केसांत अबोलीचा गजरा माळला होता. पलीकडे दोलगोरबाई त्यांच्या गोल तंबूत बसलेल्या. विचारपूस झाली, मुलाबाळांची नावं झाली. सगळं अगदी पुस्तकाबरहुकूम चाललं होतं आणि मी एकेक अक्षर स्वच्छ पोचवत होतो. मग दोलगोरबाईंनी चहाने भरलेला वाडगा दोन्ही हातांनी उचलला, फोनसमोर धरला आणि म्हणाल्या, "चाय ऊगाराय." म्हणजे, चहा घ्या.

मंगला गोड हसली, हात हलवला आणि म्हणाली, "खेरेगग्वी." म्हणजे, नको, गरज नाही.

मित्रांनो, तुम्हीच सांगा, आपल्याकडे पहिल्या विचारण्याला कुणी 'हो' म्हणतं का? आलेली बाई आधी नको म्हणते, घरची आग्रह करते, ती पुन्हा कशाला म्हणते, आणि मग चहा होतो. मंगलाने विहीणबाईंचा मान ठेवला होता. ती पुढच्या आग्रहाची वाट बघत होती. पण तिकडे माळरानावर समोर आलेला वाडगा परत करत नाहीत. घोटभर का होईना, घ्यायचा असतो. पडद्यावरून असला, तर निदान हात पुढे करायचा असतो. दोलगोरबाईंनी वाडगा खाली ठेवला. थोडा वेळ माझ्यातून नुसता त्यांच्या चुलीचा आवाज येत राहिला, आणि मग फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी प्रणवचा फोन आला. त्याचा आवाज पडलेला होता.

"आये, नोमिनची आई म्हणते, या लोकांना सोयरीक नकोय. जी बाई माझा वाडगा एवढ्या लांबून परत करते, ती माझ्या पोरीला कशी वागवेल?"

 मंगलाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं मला कळत होतं.

"मी नोमिनला समजावून सांगतो," प्रणव म्हणाला. "ती आईला सांगेल."

"नाय," मंगला म्हणाली. "मधे कोणी नको, हीच तर तिची अट हाय. मी बोलली, आता मीच सांगीन."

पण सांगणार कसं? नको म्हणायला पहिलं पुस्तक पुरतं. ते नको का म्हटलं, आपल्याकडे त्याचा अर्थ काय होतो, मनात काय होतं, हे सांगायला ते पुरत नाही. ओयुनाबाग्शही तेच म्हणाल्या. "मंगलाजी, आगे की किताबें बहुत कम हैं। अब लोगों को सुनना पड़ेगा।"

मग आमचे खरे दिवस सुरू झाले. मंगला मंगोलियाचा रेडिओ ऐकायची, घोडे राखणाऱ्यांचे व्हिडिओ बघायची, तिकडच्या आज्यांनी सांगितलेल्या गोष्टी पुन्हा पुन्हा लावायची. सुरुवातीला बोलणं तिच्या एका कानातून येऊन दुसऱ्यातून निघून जायचं, आणि ती माझ्यावरच डाफरायची. हळूहळू वाक्यं तिच्या हाती लागायला लागली. तिकडची माणसं नुसतं 'कसे आहात' विचारत नाहीत, ऋतू कसा चाललाय आणि जनावरं धष्टपुष्ट आहेत ना, हेही विचारतात, असं बाग्शनी शिकवलं तेव्हा तर ती खूश झाली. "हे आमच्यासारखंच की," ती म्हणाली. "आमी पण पयलं मावरं किती गावलं ते इचारतो, मग माणसाचं." मावरं म्हणजे मासळी, हे तिने बाग्शनाही शिकवून टाकलं.

सरावाला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून कमलाकांत दोलगोरबाई व्हायचे. जाळं विणता विणता रिकामा पेला पुढे करायचे आणि होडीवर हाक मारावी तशा आवाजात ओरडायचे, "चाय ऊगाराय."

"विहीणबाय अशी खेकसत नाय," मंगला म्हणायची.

"तू घे ना गपचूप, मग कोण खेकसतंय," ते म्हणायचे.

याच काळात खाऱ्या हवेने माझी पिन गंजली आणि गादी फाटली. मला वाटलं, आता पुन्हा खोकं. पण कमलाकांतनी पिन घासून चकचकीत केली आणि जाळं दुरुस्त करायच्या सुईने माझी गादी शिवली. होडीच्या जाळ्याला जो दोरा, तोच मला. एवढा मान मला बोईसरलाही मिळाला नव्हता.

पावसाळा सरला, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, दिवाळीही झाली. नोमिनने आईला कसंबसं आणखी एका फोनसाठी तयार केलं. हेही बोलणं फसलं, तर विषय संपला, असं प्रणवने आधीच सांगून ठेवलं होतं.

मंगलाने आपलं म्हणणं पाठ करून ठेवलं होतं. हिवाळा सुखाचा चाललाय ना, मेंढ्या बऱ्या आहेत ना, इथपर्यंत ठीक गेलं. दोलगोरबाई जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. मंगला मुद्द्याला आली, दोन वाक्यं बोलली, आणि पुढचं सगळं विसरली. माझ्या माइकवर तिचा नुसता श्वास आपटत होता. मला मदत करता आली असती, तर मी एकेक शब्द तिच्या कानात सांगितला असता. पण आम्ही फक्त नेतो आणि आणतो.

तेवढ्यात शेजारची नलू तांदूळ पाखडायला नेलेलं सूप परत द्यायला दारात आली. मंगलाने तिच्याकडे पाहिलं, आणि काय सुचलं कोण जाणे, लॅपटॉप दाराकडे फिरवला.

"दोलगोर, बघा हं," ती मंगोलियनमध्ये म्हणाली, आणि मग नलूला विचारलं, "नलू, चहा घेतंस का गो?"

"नको गो, आताच घेऊन आली," नलू म्हणाली.

मंगला माझ्या माइकमध्ये मंगोलियनमध्ये बोलली, "ती नको म्हणाली. पण तिला हवा आहे." मग नलूकडे वळून, "घे गो थोडासा."

"नको, उगा कशाला तरास."

"अजून हवाच आहे," मंगलाने तिकडे कळवलं, आणि माझी वायर ताणत उठून किटलीतला पेलाभर चहा नलूच्या पुढ्यात ठेवला.

"आता वतलाच हाय तर घेते," नलू म्हणाली, बैठक मारली आणि भुरके मारत पेला संपवला. "साखर कमी हाय. आणखी हाय का?"

दोलगोरबाई हसायला लागल्या. त्या अशा हसल्या की मी कानांवर असूनही ते हसू दारापर्यंत पोचलं, आणि आपल्यावर कोण हसतंय ते नलूला कळेना. मग मंगलाला पाठ केलेलं काहीच लागलं नाही. ती आपल्या मनाने बोलत सुटली, आणि वाक्यं एकामागून एक येत गेली.

"आमच्याकडे पहिल्यांदाच हो म्हटलं, तर हावरट म्हणतात. घरच्या बाईने एकदाच विचारलं, तर तिला द्यायचं नव्हतं असं म्हणतात. त्या दिवशी मी तुमच्या पुढच्या विचारण्याची वाट बघत होते. मी तुमचा वाडगा परत केला नाही हो. मान द्यायला गेले आणि तुमचं मन दुखावलं."

दोलगोरबाई फोनजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही माझी वाट बघत होतात, आणि मी तुमची. आता माझ्या घरी याल तेव्हा किती वेळा विचारायचं?"

"एकदाच. तुमच्या घरी तुमची रीत. इकडे याल तेव्हा मात्र तुम्ही दोनदा नको म्हणायचं."

"नको," दोलगोरबाई आपल्या मराठीत म्हणाल्या, आणि नलूकडून ऐकलेला तो शब्द त्यांनी तिथल्या तिथे पुन्हा म्हणून पक्का केला.

मग लग्न कुठे यावरून दोघींची चांगलीच जुंपली. मंगला बाजारात भावावरून जशी हटून बसते, तशीच मंगोलियनमध्ये हटून बसली, आणि दोलगोरबाईही काही कमी नव्हत्या. ते भांडण ऐकताना मला झालेला आनंद काय सांगू! शेवटी दोलगोरबाई म्हणाल्या, जुलैमध्ये या, तेव्हा घोड्या दूध देतात, माळ हिरवा असतो आणि सगळ्या पाहुण्यांना पुरेल एवढं घरात असतं. मंगलाने मनाशी हिशेब केला आणि तिचा आवाज एकदम बदलला. जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर. वर्षातून तेवढेच दिवस तर सातपाटीची माणसं मोकळी असतात.

फोन ठेवताना दोलगोरबाई म्हणाल्या, "बायर्ताय, खुदगुई." बायर्ताय म्हणजे येते. आणि खुदगुई म्हणजे विहीण. मंगलाला हा शब्द ठाऊक होता, पण समोरून येईपर्यंत आपण वापरायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. तिने मला डोक्यावरून काढलं आणि मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली.

"काय बोलली?" कमलाकांतनी विचारलं.

"जुलैत लगीन हाय," मंगला म्हणाली. "सगळ्यांना सांगा, आपल्याला लांब जायचं हाय."

मित्रांनो, आता माझ्या घरात नुसती धांदल आहे. रोज दुपारी दोघी विहिणींचं बोलणं चालतं. सुके बोंबील विमानातून कसे न्यायचे, तिकडच्या रात्रीच्या थंडीला लुगड्याखाली काय घालायचं, यावर चर्चा होतात. मधेच वायर खरखरते, मग मंगला मला हलवते आणि मी पुन्हा सुरू होतो. तुमच्या घरातही माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला वायरीला धरून ओढू नका, गादी फाटली तर शिवा, आणि जुना झाला म्हणून खोक्यात टाकू नका. तो कुणाचं बोलणं कुणापर्यंत पोचवतोय, हे वरून दिसत नाही.

जुलैत मात्र मंगला मला बरोबर नेणार नाही. तिथे दोघी एका तंबूत समोरासमोर बसतील, दोलगोरबाई वाडगा पुढे करतील, आणि त्यांच्या मधे वायर नसेल, माइक नसेल, मी नसेन. मी इथे खिळ्यावर असेन, आणि मला जराही वाईट वाटणार नाही. मधे कोणी नको, असंच तर ठरलं होतं.