बाबांसाठी अर्ध्या तासाची कॅसेट

सासरे मोठ्या दिरांकडे राहायला गेले त्याला महिना झाला होता, पण त्यांचा टेपरेकॉर्डर मागेच राहिला होता. नजर जवळजवळ गेलेली. मोबाइलची गुळगुळीत काच त्यांच्या काही कामाची नव्हती. "बोटांना जे लागत नाही ते माझं नाही," म्हणायचे. टेपची जाडजूड बटणं मात्र त्यांना झोपेतही सापडत. तो पाठवा आणि त्यात चिमणीचा आवाज भरून द्या, एवढंच त्यांचं मागणं. चिमणी म्हणजे नात, वय नऊ महिने.

दीर चार वाजता टेप न्यायला येणार होते. कोरी कॅसेट घरात एकच.

सुनेनं मोबाइलवर किती काय जमवलं होतं! चिमणीचं खिदळणं, "बा-बा-बा", स्वतःच्याच शिंकेला दचकून मारलेली किंकाळी. नवऱ्यानं ते सगळं लॅपटॉपवर घेतलं, खरखर पुसली, ओळीनं क्रमांक दिले.

"नेहमीचा प्लेअर नको," तो म्हणाला. "मध्येच कुणाचा मेसेज टिंग करून आला की वाटोळं. एका ओळीची कमांड, आवाज थेट वायरीतून टेपमध्ये. वारासुद्धा लागणार नाही."

त्यानं काळ्या पडद्यावर ती एक ओळ अशी टाइप केली, जणू कुणाचं ऑपरेशनच चाललंय. तिनं टेपची दोन बटणं एकदम दाबली. पडद्यावर सेकंद पळू लागले, चाकं फिरू लागली. खोली चिडीचूप.

"काहीच ऐकू येत नाहीये रे."

"नकोच यायला! वायरीतून चाललंय. तो लाल दिवा बघ, आवाज मिळाला की लुकलुकतो."

दिवा खरंच लुकलुकला.

"मग आपण कुजबुजतोय कशाला?"

"उगाच आपलं." थोड्या वेळानं तो पुटपुटला, "आजच्या काळात कॅसेट! हट्टी म्हातारा."

"श्श! असं काय बोलतोस? ते गेल्यापासून सकाळी खोकला ऐकू येत नाही, तर घर कसं ओकंओकं वाटतं."

तेवढ्यात चिमणी उठली नि तिनं भोकाड पसरलं. सुनेनं तिला मांडीवर घेतलं, पाठ थोपटली, कानाशी लागून "कोण गं ही? आजोबांची ठमाकाकू?" असं पाच-पन्नास वेळा विचारलं. चिमणी हसली. दिवा नुसता नाचत होता.

अर्ध्या तासानं बटण खट्कन वर आलं. चारला वीस कमी. पडद्यावर सगळं कसं बिनचूक संपलं होतं. तिनं कॅसेट मागे नेली आणि लावली.

"काहीच ऐकू येत नाहीये रे," टेप म्हणाला.

नवऱ्यानं वायर चाचपून पाहिली. वायरीची पिन टेपमध्ये अर्धवटच बसली होती, म्हणून टेपनं आपल्या अंगच्या माइकनं खोलीच टिपली होती.

"पण कमांड बरोबरच होती," नवरा म्हणाला.

"हो ना. म्हातारा तेवढा हट्टी."

तो कानापर्यंत लाल झाला. पिन आत रेटून पाहिली, जाईना. "पुसून टाकतो!"

"आणि कोरी पाठवतोस? पुन्हा भरायला अर्धा तास कुठंय?"

"अगं, ते ऐकतील ना!"

खाली हॉर्न वाजला. दीर वेळेआधीच हजर. तिनं चिमणीला नवऱ्याकडे दिलं आणि टेप कॅसेटसकट पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिरांच्या नंबरावरून फोन आला. नवऱ्यानं घाबरत घाबरत स्पीकर लावला.

"हट्टी म्हातारा बोलतोय."

नवऱ्यानं जीभ चावली.

"ती पिन जरा फिरवून दाबावी लागते. इतकी वर्षं तेच करत आलोय. विचारायचंस की!"

"बाबा," सून पुढे झाली, "लॅपटॉप घेऊन तिकडे येऊ का? चिमणीचं नीट भरून देऊ."

"या की. पण दुसऱ्या कॅसेटवर. हिला हात लावायचा नाही. ठमाकाकू हिच्यात आहे." मग ते फोनच्या अगदी जवळ आले आणि चांगले दणदणीत खोकले.

"घे," म्हणाले. "आता ओकंओकं वाटतंय का सांग."