हॅम्बुर्गचा पहिला नकार

वीरभद्रप्पांनी ईश्वरप्पांना आपल्या टॉवेलच्या कारखान्यात मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"मास्तर, तुमच्या सिद्धेश्वरीला तुम्हीच समजावा की. हॅम्बुर्गच्या गिऱ्हाइकाला दर कळवायची आज शेवटची मुदत, आणि काल हिचा मेल परत आला. आजही गेला नाही तर मेलचं काम पुण्याच्या कंपनीला देणार."

कारखान्याची मेलची सगळी व्यवस्था सिद्धेश्वरीने एकटीने उभारली होती. ईश्वरप्पा खुर्चीच्या काठावर बसले. त्यांचं आयुष्य शाळेच्या ग्रंथालयात गेलेलं. पोरीला हे झेपायचं नाही असं त्यांना आतून वाटत होतं, आणि तसं वाटतं याचीच लाज वाटत होती.

"सिद्धा, मोठी कामं मोठ्या कंपन्यांनी..."

"थांबा अप्पा." तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "आपला सर्व्हर त्यांच्या सर्व्हरला आधी नमस्कार करतो, मग कोणाकडून, कोणाला ते सांगतो. त्यावर त्यांचं उत्तर बघा, ४५१. पाचाने सुरू होणारा आकडा असता, तर दार बंद. चाराने म्हणजे, आत्ता नको, नंतर या."

"म्हणजे नकोच की!" वीरभद्रप्पा म्हणाले.

"काका, घरी जेवताना तुम्ही भाकरीला आधी नकोच म्हणता. दानम्माकाकू टोपली उचलून आत जातात का?"

"तुझी काकू? ती वाढते आणि मग विचारते!"

"तसंच. अनोळखी सर्व्हरला ते मुद्दाम एकदा परत पाठवतात. जाहिराती फेकत सुटणारे पुन्हा फिरकत नाहीत, खरं काम असलेला येतो. आपला मेल पहिल्याच नकाराला हिरमुसून घरी आला. गेला नाही तर लगेच कळू दे, असं तुम्ही म्हणालात, म्हणून मी सेटिंग तसं ठेवलं. चूक माझीच."

नकार आला तरी मेल थोडं थांबून आपोआप पुन्हा जाईल, असं सेटिंग तिने केलं आणि मेल सोडला. पुन्हा ४५१. वीरभद्रप्पा घड्याळाकडे बघू लागले. ईश्वरप्पांचा चहा गार झाला.

मग स्क्रीनवर २५० उमटलं.

"घेतला त्यांनी," सिद्धेश्वरी म्हणाली. थोड्याच वेळात गिऱ्हाइकाची पोचही आली.

वीरभद्रप्पांनी तिथेच पुण्याला फोन लावला. "राहू द्या हो. आमची पोरगी हाय की हितं."

लेकीला शाबासकी द्यावी म्हणून ईश्वरप्पा उठले. तिच्या खांद्यावर नुसता हात ठेवून ते बाहेर पडले आणि घरी जायला जुळे सोलापूरच्या रिक्षात बसले.

आसरा चौकात त्यांना राहवलं नाही. "माझ्या मुलीने आज जर्मनीच्या सर्व्हरला हो म्हणायला लावलं," ते रिक्षावाल्याला म्हणाले.

"व्हय? लई भारी की!"

"तसं नाही, नीट ऐका. आधी सर्व्हर नमस्कार करतो..."

घर आलं, मीटर थांबलं, तरी ईश्वरप्पा उतरेनात. गोष्ट अजून निम्मीच झाली होती.