दहा मिनिटांची डोकी

मी एक जुनं हेल्मेट आहे, आणि मित्रांनो, तुम्ही जरा लांबच बसा. जवळ येऊन तुम्ही नाक मुरडलंत की मला वाईट वाटतं. त्यात तुमची काही चूक नसते, म्हणून आणखी वाईट वाटतं. मोटारसायकलच्या एका शोरूममध्ये दाराजवळच्या खिळ्याला मी सहा वर्षं टांगलेला आहे. कोणाला लहान गाडी देऊन मोठी घ्यायची असली की तो आधी मोठी चालवून बघतो. त्याला टेस्ट राइड म्हणतात. ती दहा मिनिटांची असते, आणि तेवढा वेळ त्या माणसाचं डोकं माझ्यात असतं.

मी जन्माला आलो तेव्हा असा नव्हतो. कारखान्यात साच्यातून माझं कवच निघालं, आत जाड फोम बसला आणि शेवटच्या टेबलावर एका बाईंनी त्यावर मऊ करड्या कापडाचं अस्तर लावलं. टिच, टिच, टिच, पाच बटणं. मग त्यांनी आत एक चिठ्ठी ठेवली. ‘अस्तर काढता येते. महिन्यातून एकदा धुवावे.’ मला वाटलं, चला, आपण कोणा एकाचं होणार. एकाच डोक्याची सवय होईल. घरी एक खुंटी मिळेल.

कसलं काय. खोक्यातून बाहेर आलो तो शोरूमच्या टेबलावर. तिथे गाड्या विकणारा एक माणूस आहे. तोंडात सदा साखर, म्हणून मी त्याला गोडबोल्या म्हणतो. त्याने माझ्या कपाळावर शोरूमच्या नावाचा कागद चिकटवला, आतली चिठ्ठी न वाचता चुरगळून टोपलीत टाकली आणि मला खिळ्याला अडकवलं. त्या दिवसापासून सहा वर्षं माझं अस्तर एकदाही निघालं नाही.

आता कोणाकोणाची डोकी सोसली ते ऐका. जेवायच्या आधी ऐकू नका. एकाने सकाळीच केस रंगवले होते. तो काळा रंग अजून माझ्या डाव्या गालावर आहे. एकाला सर्दी होती. तो माझ्यात तीनदा शिंकला आणि हनुवटीचा पट्टा नाकाला लावून मोकळा झाला. एकाने कच्चा कांदा खाल्ला होता आणि वाटभर तो गाणं म्हणत होता. एक जण दर रविवारी यायचा, गाडीवर बसून फोटो काढायचा आणि डोक्यातला कोंडा मला देऊन जायचा. वास फारच सुटला की गोडबोल्या माझ्यात अत्तराचा फवारा मारायचा. मित्रांनो, सहा वर्षांच्या घामावर गुलाब. नुसता घाम परवडला.

पण खरं सांगू? घामाची मला एवढी किळस नाही. घाम कोणालाही येतो. मला शिसारी येते ती वेगळ्याच गोष्टीची. हेल्मेटची काच खाली केली की माणसाला वाटतं, आपल्याला कोणी ऐकत नाही. मग तो स्वतःशी खरं बोलतो. “आई गं, केवढी जड आहे ही. कुठून दुर्बुद्धी झाली.” हे मी माझ्या कानाने ऐकलेलं असतं. परत येऊन मला काढलं की तोच माणूस छाती पुढे काढून म्हणतो, “एकदम लोण्यासारखी चालते हो.” शी.

यात गोडबोल्याचा हात मोठा. तो गाडी स्टँडवरून स्वतः उतरवतो आणि माणूस बसेपर्यंत मागून घट्ट धरून ठेवतो. परत आल्यावर धावत जाऊन आधी गाडी धरतो. बघणाऱ्याला वाटतं, काय अदब आहे. अदब कसली डोंबलाची. उभ्या गाडीचं वजन गिऱ्हाइकाच्या पायावर येऊ द्यायचं नाही, एवढाच त्याचा डाव. धावती गाडी कोणालाही हलकीच वाटते.

एके दिवशी सकाळी एक लॉन्ड्रीवाला आला. पंचेचाळिशीचा असेल. बरोबर त्याची मोठी बहीण होती. लॉन्ड्री दोघांची. ताई धुवायचं बघायची आणि हा आपल्या लहान मोटारसायकलवरून चादरींची गाठोडी हॉटेलांत पोचवायचा. मागे ताई बसायची, कारण कपडे मोजून द्यायला आणि डागांवरून भांडायला तीच लागायची. त्यांना आणखी एका हॉटेलचं काम मिळालं होतं, आणि एवढ्या ओझ्याने लहान गाडी चढावर धापा टाकत होती. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. शोरूममधल्या मोठ्या काळ्या गाडीभोवती तो दोनदा फिरला, आणि तिसऱ्यांदा फिरताना त्याने तिच्या टाकीवरून हळूच हात फिरवला.

“पेलेल ना रे तुला?” ताईने विचारलं.

“न पेलायला काय झालं?” तो म्हणाला.

त्याच्याकडे स्वतःचं हेल्मेट होतं. पण गोडबोल्या म्हणाला, “सर, आमचंच घाला. वर नाव आहे, वाटेत लोक बघतात.” आणि मी त्याच्या डोक्यावर गेलो. मित्रांनो, सहा वर्षांत पहिल्यांदा एका डोक्याला साबणाचा वास आला. मला भरून आलं. गोडबोल्याने नेहमीप्रमाणे मागून गाडी धरली, हा वर बसला, काच खाली केली आणि पुटपुटला, “गुडघ्या, आज तेवढी लाज राख.”

मग त्याच्या पुटपुटण्यातूनच मला कळलं. गेल्या वर्षी तो लॉन्ड्रीच्या जिन्यावरून घसरला होता. डाव्या गुडघ्याला तो पँटच्या आतून पट्टा बांधायचा आणि ताईला सांगायचा, बरा झालाय.

पहिली चार मिनिटं त्याने मजा केली. खोटं कशाला बोलू, मलाही मजा आली. रस्ता सरळ होता, गाडी घुमत होती, आणि हा माणूस आतल्या आत हसत होता. मग पुलाचा चढ आला आणि ऐन चढावर सिग्नल लाल झाला. त्याने डावा पाय टेकला. गाडी डावीकडे झुकली, सगळं वजन त्या पायावर आलं आणि गुडघा लटपटला. गाडी आणखी झुकली. तो दात खाऊन ती तोलायला लागला आणि त्याच्या कपाळावरून गार घामाची धार माझ्यात उतरली. मागच्या टेम्पोवाल्याने उडी मारून गाडी धरली म्हणून ती पडली नाही. “जपून, दादा,” एवढंच बोलून टेम्पोवाला गेला. हा मात्र माझ्या आत एकच वाक्य बोलत राहिला. “ताई मागे असती तर. ताई मागे असती तर.”

परत आलो. गोडबोल्या धावत येऊन गाडी धरायला हजर. लॉन्ड्रीवाला मला डोक्यावरून काढत होता तेव्हा मी मनात म्हणालो, बोल बाबा, आता तरी खरं बोल. तुझ्या डोक्याला साबणाचा वास आहे.

“कशी वाटली, सर?”

“मस्त,” तो म्हणाला. “पिसासारखी.”

इतरांचं मी सोसलं होतं, कारण त्यांची गाडी पडली असती तर तेच पडले असते. याच्या मागे रोज ताई बसणार होती. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी असाच चढ होता. मघाशी ताईच गोडबोल्याला सांगत होती. आणि हे सगळं माहीत असलेला मी एकटा, आणि मला तोंड नाही. गोडबोल्याने लगेच जुनी गाडी देऊन नवी घ्यायचा फॉर्म पुढे सरकवला. लॉन्ड्रीवाल्याने लहान गाडीची चावी टेबलावर ठेवली, पेन हातात घेतलं आणि मला ताईच्या मांडीवर ठेवून म्हणाला, “धर जरा.”

ताईची बोटं माझ्या आत गेली आणि तिथेच थांबली.

तिने मला नाकाजवळ नेलं. आपणहून मला नाकाजवळ नेणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. “छी,” ती म्हणाली. “हे धुता की नाही कधी?”

“मॅडम, अत्तर मारतो ना आम्ही.”

तिने माझी कड चाचपली. धोब्याची बोटं ती, त्यांना बटण बरोबर सापडलं. टिच. दुसरं. तिसरं.

“अहो मॅडम, तुटेल ते.”

“तुटत नाही. निघतं.” पाचवं बटण उघडलं आणि सहा वर्षांनी माझं अस्तर बाहेर आलं. तिने ते सवयीने पिळलं. दोन तपकिरी थेंब फॉर्मवर पडले. गोडबोल्याने तोंड फिरवलं. ताईने तोंड फिरवलं नाही. ती भावाकडे बघत होती.

“बाहेर गारठा आहे,” ती म्हणाली. “घरून निघताना मी शाल घेतली. दहा मिनिटांत तुला एवढा घाम कशाने आला?”

“काच बंद होती.”

“मी रोज चारशे चादरी धुते. काय कशाने भिजलंय ते मला शिकवू नकोस. कुठे घाबरलास?”

तो पेनाशी चाळा करत बसला. गोडबोल्या मध्ये पडला. “मॅडम, सुरुवातीला वाटतं थोडं. सवय होते.”

“मग त्याला एकट्याला गाडी उभी धरू द्या. तुम्ही हात काढा, मी मागे बसते. सवय आत्ताच करू.” ती उठली, गाडीपाशी गेली आणि मागच्या सीटवर तिने हात ठेवला. “ये. बस.”

त्याने पेन खाली ठेवलं. मी फोम उघडा पडून टेबलावर पालथा पडलो होतो. पण मला नीट ऐकू आलं.

“नको, ताई,” तो म्हणाला. “पडेल. पुलावर पडलीच होती, टेम्पोवाल्याने धरली. माझा गुडघा बरा नाहीये. वर्षभर मी तुला फसवलं.”

मित्रांनो, हे वाक्य तो माझ्या आत बोलला नाही. उघड्या डोक्याने, चारचौघांत बोलला. सहा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

मला वाटलं, आता ताई त्याची खरडपट्टी काढणार. तिने टेबलावरची चावी उचलून त्याच्या हातात दिली. “आधी गुडघा दाखवू. नव्या हॉटेलच्या दोन खेपा करू, कोण मरतंय का? आणि ती काळी तुला फार आवडली, मला दिसलं.” तो मान खाली घालून हसला, आणि त्याचे डोळे भरले.

गोडबोल्याने पुन्हा गुलाबाची बाटली काढली. ताईने ती त्याच्या हातातून घेऊन बाजूला ठेवली, माझं अस्तर पिशवीत घातलं आणि म्हणाली, “परवा मिळेल.” दोघं आपल्या लहान गाडीवरून गेली. चढावर ती धापा टाकत गेली असेल, पण उभी राहिली की त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकतात.

तिसऱ्या दिवशी लॉन्ड्रीवाला लंगडत आला. आता तो लंगडणं लपवत नव्हता. त्याने पाचही बटणं लावली. मी किती स्वच्छ झालो म्हणून सांगू! काळा रंगसुद्धा निम्मा गेला होता. आणि अस्तराच्या कडेला टाचलेली कापडी पट्टी तशीच राहिली होती. लॉन्ड्रीत प्रत्येक कपड्याला अशी पट्टी लावतात. कपडा ज्याचा, त्याचं नाव तिच्यावर असतं. माझा मालक कोण, हे ताईलाही ठाऊक नव्हतं. तिने पट्टीवर लिहिलं होतं, ‘हेल्मेट’.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझी भावंडं असतील. त्यांचं अस्तर निघतं. महिन्यातून एकदा धुवा, एवढं तरी करा. आणि त्यांच्यात डोकं घालून स्वतःशी जे बोलता, ते मागच्या सीटवरच्या माणसालाही ऐकवा. आमच्या गोडबोल्याला दोन्ही जमत नाही. आज सकाळीच एक जण केसांना ताजं तेल थापून आला, पुलाच्या चढावर ‘मेलो, मेलो’ म्हणाला आणि परत येऊन मला काढत म्हणाला, “मस्त.”

त्याच्या मागे कोण बसणार आहे, ते मी सकाळपासून स्वतःलाच विचारतोय.