ओटी

शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या पळसाला बांधलेल्या झोळीतून रडण्याचा पहिला आवाज आला, तशी राखी कापसाच्या बोंडावर हात ठेवून थबकली. दुसऱ्या आवाजासरशी तिच्या पोलक्यावर ओल उमटली. तिने पदर पुढे ओढला आणि मान न उचलता ती पुन्हा वेचू लागली. कारण शेताचे मालक विठ्ठलराव समोरच उभे होते.

"पात पुरी कर, मंग पाज लेकराले," ते म्हणाले. "अभाळ पाहून राह्यली ना? भिजला कापूस कोण घेईन?"

विठ्ठलराव दुष्ट नव्हते. काटेकोर होते, आणि या दोहोंत लोक समजतात त्याहून बरेच अंतर असते. वेचणाऱ्या बायका एका रांगेने पुढे सरकतात, प्रत्येकीच्या वाट्याला ओळींची एक पात येते, आणि एकीची पात मागे पडली की सारी टोळी अडते. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. संध्याकाळी वजन करतानाही ते काट्यापाशी उभे राहून प्रत्येकीला "ओटी झटका" असे बजावत. कमरेच्या फडक्यात मूठभर कापूसही घरी गेलेला त्यांना खपत नसे.

पण राखीचेही खोटे नव्हते. अंगावर दूध दिवसभर दाटून राही आणि रात्री लेकराला पुरेसे येत नसे. तांड्यावर सासूने कालच निर्वाणीचे सांगितले होते, की पांढरकवड्याच्या बाजारातून दुधाच्या भुकटीचा डबा आणायचा आणि लेकरू घरी ठेवायचे. राखीला डबा नको होता. वेचणी सोडणेही शक्य नव्हते.

टोळीतली सर्वांत वयस्क बाई, गावातली विधवा इंदूबाई, कमरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाली.

"विठ्ठलराव, परवा याच धुऱ्यावर सीतादही केलं ना तुम्ही? दही-भात देला ना शेताले?"

"मंग? पह्यल्या वेचणीले करतेच लोक."

"शेताले दही चारता, अन् लेकराचं दूध काहून अडवता?"

बायका फिसकन हसल्या. विठ्ठलरावांनाही मिशीवर हात न्यावा लागला. "बोलनं सोपं हाय, बुढे! तिची पात कोण धरीन?"

"अर्धी मी. अर्धी सलोनी."

"म्या कायले?" शेजारच्या पातीतली सलोनी उसळली. "माह्या पियुषले डबाच लावला होता म्या. हागवणीनं किती सुकला होता पोट्टा! तवा कोणं धरलती माही पात?"

इंदूबाईने तिच्याकडे नीट पाहिले. "कोणंच नाही धरली, बाई. म्हणून तं आता धर."

हे उत्तर न्यायाचे नव्हे, असे कोणी म्हणेल. ज्याला मिळाले नाही त्यानेच का द्यावे? पण न मिळाल्याचे मोल त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाला ठाऊक असते? सलोनीने हा वाद घातला नाही. "जाय, पाज लवकर; माहं तोंड काय पाहून राह्यली?" असे राखीवर खेकसून ती राखीच्याच पातीत शिरली.

राखीने कमरेची ओटी सोडून पऱ्हाटीच्या झाडावर अडकवली आणि ती पळसाकडे धावली. लेकरू पोटभर पिऊन निजल्यावर ती परतली, तेव्हा तिची पात इतरांच्या बरोबरीने पुढे गेली होती आणि अडकवलेले फडके कापसाने फुगले होते.

"घे," सलोनी वर न पाहता म्हणाली, "भरली तुही ओटी."

पुढे हा नेमच झाला. लेकरू रडले की कोणीतरी न सांगता राखीच्या पातीत शिरे. तांड्यावर डबा आला नाही. एके सकाळपासून विठ्ठलराव पाण्याचा माठ स्वतः उचलून पळसाखाली ठेवू लागले. "पाजनारीले तहान लई लागते म्हन्ते आमच्या घरची," ते उगाच रागावून म्हणाले.

शेवटच्या वेचणीपर्यंत लेकरू बसू लागले होते, आणि इंदूबाईला बोंड व वाळके पान यांतला फरक दिसेनासा झाला होता. "पुढच्या साली माह्या भरवशावर राहू नका वं," तिने दुपारीच सांगून टाकले. दिवस कलला तेव्हा तिची ओटी जवळजवळ रिकामी होती.

राखी लेकरू कडेवर घेऊन तिच्यापुढे उभी राहिली. "मावशी, ओटी पसर."

"येडी झाली काय? रांडमुंड बाईची कोणी ओटी भरते?"

"नारळाची नाही भरत. हा कापूस हाय."

तिने ओंजळभर कापूस त्या फडक्यात घातला. मग सलोनीने घातला. मग एकेक करून टोळीतल्या साऱ्या बायका आल्या. इंदूबाई दोन्ही हातांनी फडके धरून उभी होती. नवरा गेल्यापासून या हातांपुढे असे कोणी आले नव्हते. राखीने लेकराची मूठ उघडून त्यातला चुरगळलेला बोळाही वर ठेवला.

काट्यापाशी सगळ्यांच्या ओट्या झटकल्या गेल्या. इंदूबाई शेवटी आली. तिने ओटीची गाठ सोडली नाही. घट्ट धरून ती नुसती उभी राहिली.

विठ्ठलरावांनी त्या फुगलेल्या फडक्याकडे पाहिले. मग पाठ वळवून त्यांनी काटा उतरवला आणि बैलगाडीत ठेवून दिला.

"झालं वजन," ते म्हणाले. "चाला घरी."