गोडाचा दिवस

वनमालाबाई गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी उत्तराने दूधकेंद्र उघडलं. लोक काय म्हणतील हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही, पण आईने बजावून ठेवलं होतं. शेवटच्या आजारपणात खोकल्याची उबळ ओसरली की ती तेवढंच पुन्हा पुन्हा सांगायची. "माझ्यामागे दहावं-तेरावं काही करू नकोस. माझा विश्वास नाही, तुझाही नाही. केंद्र मात्र बंद ठेवू नकोस."

केंद्र म्हणजे घाटकोपरच्या टेकडीखाली, चाळींच्या तोंडाशी, भगिनी मंडळाने भाड्याने घेतलेली पत्र्याची शेड. परदेशातली एक मदतसंस्था दुधाच्या भुकटीची पिंपं बोटीने पाठवायची आणि मंडळाच्या बायका ती भुकटी कोमट पाण्यात कालवून मुलांना पाजायच्या. मुलांनी दूध तिथल्या तिथे प्यायचं, घरी न्यायचं नाही, असा संस्थेचा नियम होता. चाळीतली माणसं कोकणातली, बाप्ये बहुतेक विक्रोळीच्या कारखान्यांत. सुरुवातीला मुलांनी ते दूध थुंकून टाकलं. त्याला वास येतो म्हणाली. कुठल्या जनावराचं आहे कोण जाणे, असं आयांनीही आपसांत बोलून घेतलं. तेव्हा वनमालाबाईंनी घरून साखरेचा डबा आणला आणि पातेल्यात मोकळ्या हाताने साखर घातली. मग मुलं प्यायला लागली. साखर रोजचीच झाली, आणि हळूहळू चाळीत त्या दुधाला कुणी दूध म्हणेनासं झालं. मुलं 'गोडाक' जायची. "गोड पिऊन इलंस काय रे?" अशी आया गॅलरीतून हाक द्यायच्या. वनमालाबाईंना त्याचं कोण कौतुक. एवढा समुद्र ओलांडून भुकटी आली आणि नाव मिळवलं ते आपल्या साखरेने, असं त्या म्हणायच्या.

आई गेल्यावर उत्तरा शाळेत शिकवायला जाण्याआधी केंद्र उघडू लागली. पहिल्या दिवशी एकही मूल आलं नाही. दुःखात असतील, तिने मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही. आठवडा गेला, मग पुढचाही गेला. ती रोज थोडंच दूध कालवायची, तासभर बाकांकडे बघत बसायची आणि मग ते मोरीत ओतायची. ओतताना नळ सोडून ठेवायची, पांढरा ओघळ कुणाला दिसू नये म्हणून.

मंडळाच्या चिटणीस विमलाबाई एका सकाळी आल्या आणि रिकामे बाक पाहून पदराने वारा घेत उभ्या राहिल्या.

"तू शहाणी, तुझी आई त्याहून शहाणी," त्या म्हणाल्या. "पण त्या बायका सुतकातल्या हातचं घेतील का गं? निदान तेरावं उरकून घे, असं मी कानीकपाळी ओरडत होते. पण तुमच्या घरात भटजी यायचा तर आधी पुस्तकांची कपाटं हलवायला हवीत."

विमलाबाईंनी मग स्वतःच पळी हातात घेतली. चार दिवस त्या उभ्या राहिल्या. तरी कुणी आलं नाही. जागेलाच विटाळ लागला असं समजत असतील, असा निकाल देऊन त्यांनी पळी खाली ठेवली.

उत्तरालाही ते पटलं. खरं तर तेच तिला सलत होतं. आईने वर्षानुवर्षं ज्यांच्या मुलांचे डोळे पुसले, नखं कापली, त्यांनी एका न केलेल्या विधीसाठी पाठ फिरवावी? चाळीत जाऊन सरळ विचारायचं तिच्या मनात यायचं, पण पाय उचलत नसे. मुलं मागायला जाणं तिला भीक मागण्यासारखं वाटे. एकदा नळावर शेवंती भेटली. हिची तिन्ही मुलं केंद्रात सगळ्यांत आधी येऊन बसायची. शेवंतीने कळशी खाली ठेवली, उत्तराच्या दंडाला हात लावला, जेवतेस ना, असं विचारलं. मग ती उगाच थोडी थांबली, उत्तरा काही सांगेल अशी वाट पाहिल्यासारखी. उत्तराने शाळेला उशीर होतोय म्हटलं आणि ती निघाली.

महिना उलटत आला तेव्हा कामत आले. श्यामसुंदर कामत मदतसंस्थेच्या मुंबईच्या कचेरीत होते आणि अधूनमधून केंद्रं बघत फिरायचे. वनमालाबाईंना ते मानायचे. टोपी काढून त्यांनी आधी आईची विचारपूस केली, म्हणजे शेवटी फार त्रास झाला का, एवढंच विचारलं. मग ते बाकावर बसले आणि बराच वेळ कुणी येतंय का बघत राहिले.

"मुलं का येत नाहीत?" त्यांनी विचारलं.

थाप मारणं सोपं होतं. साथ आहे म्हणता आलं असतं, सणाला गावी गेलीत म्हणता आलं असतं.

"मला माहीत नाही," उत्तरा म्हणाली.

कामतांनी मान हलवली. कांजूरला एक शाळा कधीपासून दूध मागते आहे, तिथली मुलं उपाशी वर्गात बसतात, आणि इथे भुकटी पडून राहिली तर पावसाळ्यात तिचे खडे होतील, असं ते समजावून सांगत राहिले. आवाजात कुठेही ठपका नव्हता. भरलेली पिंपं दुसऱ्या दिवशी टेम्पो येऊन घेऊन गेला. उघडलेलं एक तेवढं त्यांनी मागे ठेवलं.

त्या संध्याकाळी उत्तरा चाळीत गेली. आता मागायचं काही उरलं नव्हतं, म्हणून जाता आलं. शेवंती दारात तांदूळ निवडत होती. केंद्र बंद होतंय, ते सांगायला आले, असं उत्तराने उभ्याउभ्याच सांगितलं. शेवंतीचा हात सुपातच थांबला.

"बंद? आणि आमची पोरां?"

"तुमची मुलं येतच नव्हती, शेवंतीबाई."

"येतली कशी?" शेवंती म्हणाली. "सुतक आसा मां, बाय."

"माझं सुतक तुम्हाला नडलं ना? मला वाटलंच होतं."

"तुझा नाय गो. आमचा." शेवंतीने सूप बाजूला सारलं. "बाई आमची आवसच मां, आईसारखी. आवशीच्या सुतकात पोरांका गोड कसा देवचा? पोरां रडत. पण सगळ्यांनी ठरवलेला, बाईंच्या घरात गोड झाल्याबिगर आपणाक गोड नाय. तुझ्याकडसून गोडाच्या जेवणाचा आवतण येतला, मगे धाडूया. ता काय इलाच नाय."

उत्तरा उंबऱ्यावर बसली. गोडाच्या जेवणाने दुखवटा सुटतो, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. ते जेवण आपल्या घरचं असलं तरी त्याची वाट बघणारी घरं दुसरी असतील, हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मला विचारलं का नाहीत?"

शेवंतीने तिच्याकडे नवलाने पाहिलं. "मेलेल्याच्या घरात जावन 'गोड कधी' म्हणान कोण विचारता, बाय?"

दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा घेऊन उत्तरा फोर्टात कामतांच्या कचेरीत गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच चष्मा काढून पुसला. आपल्या साहेबांना हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचत नाही, असं ते म्हणाले. सुचलं तरी उपयोग नव्हता. कांजूरच्या शाळेत दूध सुरू झालं होतं. "त्या पोरांच्या तोंडचं काढून आणा, असं तुम्ही म्हणाल का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तरा नाही म्हणाली. आईही नाहीच म्हणाली असती. परत येताना तिला आईचा राग आला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. विश्वास नाही, असं किती सहज म्हणून गेली. आणि आपणही शहाण्यासारखी मान डोलावली.

रविवारी तिने घरी रव्याचा शिरा केला. आईचा शब्द मोडतोय हे तिला कळत होतं, आणि शिरा खाली लागू नये म्हणून ती तो एकसारखा ढवळत होती. चाळीत स्वतः दारोदार जाऊन तिने आवतण दिलं. शिरा घेऊन ती केंद्रात आली. उरलेल्या पिंपातली भुकटी खरवडून तिने पातेलंभर दूध कालवलं आणि साखर घातली.

सगळी आली. मुलं बाकांवर दाटीवाटीने बसली, पेले पुढे धरून, आणि त्यांच्या मागे आया भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मुलंसुद्धा नाहीत. विमलाबाईही आल्या होत्या, त्या पत्र्याच्या दाराशी उभ्या होत्या. हे शेवटचं दूध आहे हे बायकांना माहीत होतं. मुलांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

उत्तराने पळी उचलली तेव्हा शेवंतीने तिचा हात धरला. "आधी तुझा तोंड गोड होवक होया," ती म्हणाली. दुखवट्याच्या घरचं माणूस आपल्या हाताने गोड खात नाही, दुसऱ्याने भरवायचं असतं. शेवंतीने चिमूटभर शिरा उत्तराच्या तोंडात घातला.

उत्तराला तो गिळवेना. इतके दिवस ती रडली नव्हती. केंद्र होतं, शाळा होती, आणि कुणावर तरी रागावायला जागा होती. शिरा टाळूला चिकटून राहिला. घास खाली गेला की दुखवटा संपला. आणि तिला वाटलं, आपला तर अजून सुरूच व्हायचा आहे. तिने तोंडावर पदर घेतला. खांदे हलू लागले.

शेवंती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बायकांमधून एकदोघींचे हुंदके आले. एका बाकावर कुणा लहानग्याने रिकामा पेला तोंडाला लावून पाहिला, आणि त्याच्या बहिणीने तो हळूच खाली घेतला.

"गीळ गो, बाय," शेवंती तिच्या कानाशी म्हणाली. "पोरां वाट बघत रवली आसत."

उत्तराने घास गिळला. डोळे पुसले, आणि पातेल्यावरचं झाकण काढलं.